विहीणबाई, येन आणि कांद्याचा वाफा

शिर्डीला जगभरातून माणसं काही ना काही मागायला येतात. मी तिथं भांडायला गेले होते, आणि तेही विहिणीशी. भांडण मानपानाचं नव्हतं. भारताची अर्थव्यवस्था मोठी की जपानची, यावर होतं. पण त्या भांडणाच्या आड माझं होऊ घातलेलं नातवंड होतं, म्हणून सगळं नीट सांगते.

मी कोल्हापूरची. उभा जन्म कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. माझा मुलगा अमोघ जपानात शेतीच्या यंत्रांच्या कारखान्यात होता. तिथं त्याला हारुका भेटली, लग्न झालं, आणि काही वर्षांनी दोघांनी तिथला संसार गुंडाळून नगर जिल्ह्यात देवळाली प्रवऱ्याला ऊसतोडणीची यंत्रं दुरुस्त करायचं वर्कशॉप टाकलं. आता हारुकाला दिवस गेलेत. जपानातही पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, हे कळल्यावर मला केवढं बरं वाटलं होतं. तेवढ्यात तिच्या आईचा निरोप आला. न्यायला मी स्वतः येते, आणि बाळ झाल्यावर मुलीला परत पाठवावं की नाही, ते तिथलं सगळं बघून सांगते.

हारुकाला फोन केला तर ती म्हणाली, "आई, मला परत यायचंच हाय. पन ती न्हाई म्हणली तर मला लई जड जाईल. ती एकटी हाय." मी लगेच कोल्हापूरहून निघाले. कुणी बघून ठरवणार असेल, तर दाखवणारी मी असायला हवी.

शिर्डी

हारुकाची आई, नोरिकोबाई, विमानतळावर उतरल्या त्या एका लहानशा बॅगेनिशी. मी आपली तीन पिशव्या घेऊन उभी, त्यात चटणीच्या बरण्या. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, मी हात जोडले, त्या आणखी वाकल्या, मग मीही वाकले. शेवटी हारुका मधे पडली. "आई, बास करा. तुमी थांबल्याबिगर ती थांबायची न्हाई."

हारुकाचं मराठी हे असं. ती भाषा शिकली देवळालीच्या बायकांकडून, भाजी निवडता निवडता. जपानी चेहरा आणि अस्सल नगरी हेल. देवळाच्या वाटेवरची हारवाली तिच्याकडे बघतच राहिली आणि न मागता एक गुलाब जास्त टाकला. विहीणबाईंना माझं मराठी आणि मला त्यांचं जपानी हारुकाच्याच तोंडून कळायचं, त्यामुळे पुढे जे काही त्या बोलल्या ते तुम्हालाही नगरी चवीनंच मिळेल.

दर्शन करून आम्ही जेवायला बसलो. थाळी आली. आमच्याकडे रस्सा असला की बाकी सगळं त्याच्या मागून येतं. इथे ताटात एका वेळी इतक्या वाट्या, की विहीणबाईंना वाटलं तिघींत एक थाळी असेल. एकटीची आहे म्हटल्यावर त्यांनी भाव विचारला, मनात येनमध्ये करून बघितला आणि हारुकाला परत विचारायला लावलं.

"ती म्हनती, आमच्या गावात एवढ्यात एक कॉफी येती."

मी ह्याचीच वाट बघत होते. म्हटलं, हारुका, नीट सांग तिला. दोन देशांची संपत्ती डॉलरच्या बाजारभावानं मोजली तर तुमचा देश नि आमचा देश आता जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे आहेत. पण तो भाव अर्धंच सांगतो. त्या पैशात तिथल्या तिथं पदरात काय पडतं, ते मोजायला हवं. तुमच्या कॉफीच्या पैशात इथं पोटभर थाळी येते, तर ती थाळी तुमच्या थाळीच्या भावानं मोजा. दोन्ही देशांत त्याच वस्तूंची एकेक टोपली भरायची आणि टोपलीला टोपली लावून बघायचं. याला क्रयशक्ती समता म्हणतात. त्या मापानं आमचा देश जगात तिसरा, तुमचा बराच मागे.

अख्खा तास शिकवल्यासारखी मी खूश होऊन बसले. विहीणबाईंनी पापडाचा तुकडा मोडला, तो शांतपणे खाल्ला आणि काहीतरी विचारलं.

"ती म्हनती, ताट मोठं हाय, व्हय. पन जेवनारी मानसं किती?"

बाई शाळेत गणित शिकवायच्या हे मी विसरलेच होते. माणशी भागायला गेलं तर जपान आपल्या कितीतरी पुढं, टोपलीच्या मापानंसुद्धा. तोंडातला घास मी उगाचच जास्त वेळ चावला. मग म्हटलं, बरं, देश राहू द्या बाजूला, घर घेऊ. अमोघ तिथं मिळवायचा त्याच्या चौथाई इथं मिळवतो, हेच ना तुमच्या मनात? विहीणबाईंनी मान हलवली. हा हिशेब त्या निगाताहून निघतानाच करून आल्या होत्या. निगाता म्हणजे त्यांच्या गावाजवळचं शहर, आणि निघायच्या आधी ओळखीच्या सगळ्यांनी त्यांना हेच विचारलं होतं.

"उद्या राहात्याला बाजार दाखवते," मी म्हटलं. "तिथं टोपली भरू. मग बोला."

राहाता

राहाता म्हणजे पेरू. रस्त्याच्या दोन्ही कडांना पेरूचे ढीग, आणि विकणारे हाका मारत नाहीत, नुसता कापलेला पेरू पुढं करतात. विहीणबाईंनी तिखट-मीठ लावलेली फोड तोंडात टाकली, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी मागितली. बी दातात अडकलं तेव्हा त्यांनी पाठ फिरवून, तोंडावर हात धरून ते काढलं. एवढ्या गर्दीत हे कोण बघतंय, पण नाही. मला बाई आवडायला लागल्या होत्या, आणि ते माझ्या सोयीचं नव्हतं.

बाजारात मी सुटलेच. मेथीची जुडी, गवार, टोमॅटो, दूध, चहा. न्हाव्याच्या दुकानात डोकावून कटिंगचा भाव विचारला. जपानात एकदा केस कापायला जे लागतं, त्यात इथं अमोघचं वर्ष निघतं. शिंप्याकडं ब्लाउजची शिलाई विचारली. रिक्षावाल्याला विचारलं. दवाखान्याच्या दारात जाऊन तपासणीची फी विचारली, तर कंपाउंडर म्हणाला, "कोनाला दाखवायचंय?" मी म्हटलं, कुणाला नाही, नुसता भाव. त्यानं हातातला केसपेपर परत खणात टाकला.

प्रत्येक भावाला मी विहीणबाईंकडे वळून बघायची आणि त्या शांतपणे त्यांच्याकडचा भाव सांगायच्या. मी जिंकत होते. पालेभाजीत जिंकले, शिलाईत जिंकले, दवाखान्यात तर दणदणीत. आल्याचा चहा घेताना मी म्हटलं, "आता सांगा, अमोघचा पगार लहान आहे का?"

त्या जरा हसल्या. हारुका भाषांतर करताना चाचरली, म्हणजे माझ्याविरुद्ध काहीतरी होतं.

"ती म्हनती, तुमी टोपलीत फक्त इथल्या मातीत पिकतं आन इथल्या मानसाच्या हातानं व्हतं तेच टाकताय. मोबाईल कुठंय? वॉशिंग मशीन? डिझेल?"

चोरी पकडली गेली. खरं सांगायचं तर चोरीच होती ती. ज्या वस्तू जहाजात बसून देश ओलांडतात, त्यांचे भाव सगळीकडे जवळजवळ सारखे. माणसाचे हात जहाजात बसत नाहीत, म्हणून ते इथं स्वस्त. हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, आणि टोपली भरताना नेमकं सोडून दिलं. पण मीही कोल्हापूरची आहे. म्हटलं, "वॉशिंग मशीन कितीतरी वर्षांत एकदा घ्यायचं, मेथी रोज लागते." विहीणबाईंनी विचार केला आणि मान हलवली. तेवढा गुण मला मिळाला.

राहात्याहून देवळालीला निघालो ते उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, वरून ऊस लोंबतोय, आणि ओव्हरटेक करायची सोय नाही. आमच्याकडेही हंगामात हेच, त्यामुळे मला घरी आल्यासारखं वाटलं. विहीणबाईंनी खिडकीची काच खाली केली. कोल्हारच्या पुलावर प्रवरा दिसली तेव्हा त्यांनी नदीचं नाव विचारलं आणि दोनदा म्हणून पाठ केलं.

देवळाली प्रवरा

अमोघ-हारुका राहतात ते घर एस्तेरमावशींचं. मावशी साठीच्या पुढच्या, स्वतः शेत कसणाऱ्या, आवाज असा की माईकची गरज नाही. नाताळ नुकताच झालेला, ओट्यावर कागदाची चांदणी अजून लटकत होती. आम्ही टेकलो नाही तोच पुढ्यात करंज्या, शंकरपाळी आणि केक. आमच्याकडे करंजी दिवाळीला, इथं मावशींकडे नाताळला. सारण मात्र तेच, सुक्या खोबऱ्याचं. विहीणबाईंनी करंजी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या की जपानातही हुबेहूब अशी मुरड घातलेला एक पदार्थ करतात. झालं, मावशी त्यांच्या प्रेमात पडल्या.

दुपारी मावशी आम्हाला शेतात घेऊन गेल्या. कांद्याची लागवड चालू होती. ओल्या वाफ्यात आठ-दहा बायका ओळीनं वाकून रोपं टोचत होत्या. हात इतक्या लवकर चालत होते की रोप दिसायचं ते मातीत गेल्यावरच. मला टोपलीचं वेड लागलेलं. मी बांधावरून विचारलं, "मावशी, ह्यांना रोज किती देता?"

बायकांचे हात थांबले. एकीनं पदर तोंडाला लावला. मावशींनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, पण जरा कीव आल्यासारखं.

"रोज कशाचा? सावड हाय ही. आज माझ्या वावरात सगळ्या, परवा मंगलच्या, त्याच्या पुढं सुनीताच्या. ह्यांनी माझा एक दिवस केला की मी त्यांचा एक करनार. दिवसाला दिवस. ह्यात पैसा न्हाई येत. पैसा काढला तर उद्या कोन येनार न्हाई."

मी आमच्या गावाकडं सावड ऐकली होती, पण आमच्याकडे ती कधीच ठेकेदारानं खाल्ली. ओशाळून मी विहीणबाईंना समजावलं, म्हणजे माझ्या पद्धतीनं. म्हटलं, ह्याला भाव नाही, म्हणून देशाच्या हिशेबात ही सगळी मेहनत कुठंच धरत नाहीत. टोपलीत टाकायची झाली तर किंमत शून्य.

विहीणबाई ऐकत नव्हत्या. त्या वाफ्याकडं बघत होत्या. मग एक शब्द त्या हळूच बोलल्या आणि हारुकानं चमकून आईकडं बघितलं.

"युई," हारुका म्हणाली. "आई, हे मला म्हाईतच नव्हतं. ती म्हनती, तिच्या लहानपनी गावात भाताची लावनी अशीच व्हायची. सगळे एकाच्या खाचरात, मग दुसऱ्याच्या. त्याला युई म्हनायचे. मग लावनीचं मशीन आलं. आता शेजारची बाई दिसती ती फक्त कचरा टाकायच्या दिवशी."

संध्याकाळी मला जिंकल्यासारखं वाटत होतं. मावशींनी चुलीवर बाजरीच्या भाकरी थापल्या, शेंगदाण्याची आमटी केली, विहीणबाईंनी भाकरी हातानं मोडायला शिकून घेतली. अमोघ वर्कशॉपमधून आला, सासूच्या शेजारी बसला. सगळं असं जमून आलं होतं की मीच विषय काढला. "मग, काय ठरवलंत?"

विहीणबाईंनी हात पुसले.

"ती म्हनती, मी सगळं बघितलं. हितं हारुका चांगली राहील, मला पटलं. पन टोपलीत एक वस्तू राहिली." हारुकानं हातातली भाकरी खाली ठेवली. "हितून निगाताचं तिकीट. विमानवाला देवळालीचा भाव लावत न्हाई. ती म्हनती, मी एकटी हाय. मी आजारी पडले तर माझी पोर बाळाला घिऊन कशी येनार?"

अमोघनं मान खाली घातली. त्यानं हा हिशेब आधीच केलेला असणार. इथल्या कमाईत मेथी भरपूर येते, दूध येतं, शिंपी आणि दवाखाना येतो, पण ते तिकीट बाहेरच्या भावानंच घ्यावं लागतं आणि त्यात कितीतरी महिन्यांची शिल्लक जाते. मी आयुष्यभर पोरांना सांगत आले की क्रयशक्तीचं माप घरात बसणाऱ्यासाठी खरं, उंबरा ओलांडला की बाजारभाव. आज एका आईनं तेच मला विचारलं होतं. वर मला जे वाटलं ते सांगायला हवं. मला त्यांचा राग आला नाही, भीती वाटली. त्यांच्या जागी मी असते तर मी मुलीला परत पाठवलं नसतं. जेवण तिथंच संपलं. एस्तेरमावशींनी नुसतं "देवाला काळजी" म्हणून ताटं उचलली.

सकाळी उठले तर विहीणबाईंचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं. बॅग जागेवर होती, चपला नव्हत्या. हारुका घाबरली. आम्ही दोघी ओट्यावर आलो, परसात बघितलं, मग धुक्यातून शेताकडं गेलो, आणि बांधावर मी थबकले.

राहिलेल्या वाफ्यांत बायका लागवडीला लागल्या होत्या. त्यांच्यात, मावशींच्या शेजारी, विहीणबाई. पँट गुडघ्यापर्यंत वर, डोक्याला मावशींचा जुना स्कार्फ, एका हातात रोपांची जुडी. भात लावलेल्या माणसाचा हात होता तो. ओळ दोरी लावल्यासारखी सरळ जात होती.

"अवो, पहाटं माझ्याबरुबर निगाल्या," मावशी म्हणाल्या. "मी हातानं न्हाई न्हाई करतीया, तर ऐकाय तयार न्हाईत. पोरी, तू ईचार, काय म्हनायचंय त्यांना."

हारुका बांधावरूनच बोलली. विहीणबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या आणि बराच वेळ बोलल्या. हारुकाचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "अगं सांग की लवकर."

"ती म्हनती, आज हारुकाला वाकता येत न्हाई, म्हनून तिच्या वाटचा दिवस मी करती. हा दिवस तिच्या नावावर धरा. तिला हितं मानूस लागंल तवा मी नसनार." हारुकानं नाक ओढलं. "आन ती म्हनती, बाळानं मान धरली की मी स्वतः त्या दोघांना घिऊन येनार. ज्याचा पैसा येनमधी हाय त्याला ते तिकीट जड न्हाई. दर हिवाळ्यात येनार, कांद्याला. मी आजारी पडले तर तेव्हाचं तेव्हा बघू."

एस्तेरमावशींनी हातातली माती झटकली. "पोरीला वावर न्हाई, पन बाळाला न्हाऊ घालायला, तेल लावायला, रातीचं जागायला मानूस लागतंच की. धरला दिवस. सगळ्याजनी ऐकताय न्हवं?"

"व्हय," वाफ्यातून आवाज आले. कुणी हात थांबवला नाही.

काल मी ज्याची किंमत शून्य म्हणून सांगितली होती, त्या एकाच गोष्टीवर या बाईनं आपली मुलगी इथं सोडायचं ठरवलं होतं. मी तिथं उभ्या उभ्या रडले. मग चपला काढल्या, साडी खोचली आणि वाफ्यात उतरले. मावशींनी रोपांची जुडी दिली, विहीणबाईंनी बोटानं अंतर दाखवलं. पहिलं रोप मी उलटं लावलं. त्यांनी ते उपटून सरळ केलं आणि पुन्हा आपल्या ओळीला लागल्या.

कोल्हापूर

शिर्डीच्या विमानतळावर त्या दोघींना सोडलं तेव्हा विहीणबाई पुन्हा वाकल्या. या वेळी मी त्यांना वाकू दिलं नाही, सरळ मिठीच मारली. त्या आधी ताठ झाल्या, मग सैल पडल्या.

आता मी घरी आहे आणि माझं निगाताचं तिकीट काढून झालंय. बाळंतपणाला मी तिथं असणार. विहीणबाईंनी तिकिटाचं बघू का म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, माझं मी काढीन, तुमच्या भावानं, पुरत्या बाजारभावानं. आमचा देश जगात तिसरा आहे, एवढं तर झेपेल. खरं तर झेपताना दमछाक झाली, पण ते त्यांना कशाला सांगू.

काल एस्तेरमावशींचा फोन आला. कांदा छान लागलाय. शेतात येणारं-जाणारं कुणीही वाफ्याकडं बघून विचारतं, ही एक ओळ इतकी सरळ आणि तिच्या शेजारची इतकी वाकडी कशी. मावशी त्यांना सांगतात, दोघी विहिनींच्या हाताच्या हायेत, आन दोन्ही दिवस हारुकाच्या नावावर हायेत.